लोखंडाला भिणारा माणूस

सर पंख्याखाली बसत नसत. बालाघाटच्या मे महिन्यात, ओतशाळेच्या पत्र्यावर कावळासुद्धा पाय टेकत नसे तेव्हाही, ते खुर्ची ओढून भिंतीशी न्यायचे आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घेत बसायचे. मी नवीन होते. दुसऱ्याच दिवशी न राहवून मी कारण विचारलं. छताकडे न बघता ते म्हणाले, "वर जे फिरते ते कोणी ओतलं, मला ठाऊक नाही. त्यात काय घातलं, ठाऊक नाही. मग त्याच्याखाली मी डोकं काहून ठेवू?"

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे यायचं थांबलं.

ओतशाळा गावाच्या टोकाला होती. लांब पत्र्याची शेड, एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला वाळूचे साचे, आणि कोपऱ्यात अर्धी भिंत उभारून केलेली आमची लॅब. ॲल्युमिनियमचे भाग ओतायचे : पंपांची झाकणं, कप्प्या, यंत्रांच्या मुठी. आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा, बैहरच्या वाटेवर एक मँगनीजची खाण होती तिच्या मोठ्या पंख्याची पाती. मालकांना सगळे शेठजी म्हणत. धातूचं जे काही होतं ते सरांच्या हाती. काय वितळवायचं, किती तापवायचं, कोणता भाग बाहेर जाऊ द्यायचा हे ते ठरवत. मी रसायनशास्त्र घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते, आणि त्यांच्या हाताखाली तपासणीचं काम मला मिळालं होतं. आमच्या घरात नोकरीवर जाणारी मी पहिली मुलगी. सन एकोणीसशे ऐंशीच्या पुढची ती वर्षं.

सर दिसायला काटकुळे, पन्नाशीचे, एकटे. शर्टाच्या खिशात कायम एक लोहचुंबक असायचं आणि त्याच्या वजनाने खिसा खाली ओघळलेला असायचा. भंगाराची गाडी रिकामी झाली की ते उकिडवे बसून एकेका तुकड्यावर चुंबक फिरवत. ॲल्युमिनियमच्या जुन्या पिस्टनमध्ये अडकलेली लोखंडी कडी, एखादा बोल्ट, मोडका खिळा सापडला की दुसऱ्या कोणाला राग आला असता. सरांना भीती वाटायची. खरोखरची भीती. चेहरा उतरायचा, ओठावर घाम यायचा. घरात विंचू सापडल्यावर माणूस जसा चिमट्यात धरून लांब नेतो, तसा तो खिळा कागदात घेऊन ते रस्त्यापलीकडे टाकून येत. भट्टीवाला सुखलाल आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचा. पाठीमागे कामगार त्यांना 'सुईवाले बाबा' म्हणायचे.

सुई म्हणजे काय, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी ओतलेल्या धातूचा एक तुकडा घासून-घासून आरशासारखा केला, त्यावर पातळ आम्लाचा बोळा फिरवला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "पाहा," म्हणाले. मी पाहिलं. पांढुरक्या जमिनीवर बारीक राखाडी दाणे पसरलेले, शांत.

"हे ॲल्युमिनियम, आणि हे दाणे सिलिकॉनचे. सिलिकॉन घातलं की रस पाण्यासारखा पळतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. दोघांचं चांगलं जमते." मग त्यांनी दुसरा तुकडा ठेवला. "आता पाहा."

मी डोळा लावला आणि मागे सरकले. त्याच पांढऱ्या जमिनीत लांबलचक काळपट काड्या आरपार गेल्या होत्या. सरळ, टोकदार, एकमेकींना छेदत.

"यात लोखंड शिरलं," सर हळूच म्हणाले, जणू ते ऐकत असावं. "थोडं असलं तर चालते. पण जास्त झालं की ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि लोखंड तिघं मिळून ह्या सुया करतात. वरून काही दिसत नाही. वजन तेच, रंग तोच. लोक हातात घेतात, रंग देतात, बसवतात. आणि आत अगोदरच फाटून ठेवलेलं असते. आणि एक लक्षात ठेव. रस जिथं सावकाश थंड होते, तिथं सुया लांब वाढतात. सावकाश कुठं थंड होते?"

"जाड भागात," मी म्हणाले.

"आणि जाड भाग कुठं ठेवतात?"

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"जिथं सगळ्यात जास्त जोर पडते तिथं," ते म्हणाले, आणि तो तुकडा कागदात गुंडाळून ठेवला.

लोखंड एकदा रसात विरघळलं की ते बाहेर काढायची सोपी वाट नाही. त्यावर त्यांच्याकडे एकच उतारा होता, आणि तो आमच्याच मातीतला : मँगनीज. थोडं मँगनीज घातलं की त्या सुया सरळ वाढायच्या सोडून आखडतात, गुंततात, वेड्यावाकड्या नक्षीसारख्या होतात. मग त्या धातूला तितकं चिरत नाहीत. हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा क्षणभर सैल व्हायचा. "अख्खं गाव ह्याच्यावर बसलं आहे आणि कोणाला पत्ता नाही," असं म्हणायचे. आणि लगेच बोट वर करून, "पण लोखंड हद्दीबाहेर गेलं, तर मग मँगनीजनंही काही होत नाही. मग फक्त फेकायचं."

त्यांना इतकी भीती कशाची, हे मी एकदाच विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं : तरुणपणी ते लांबच्या एका कारखान्यात होते. त्यांनी पास केलेली एक कप्पी भार उचलताना फुटली. संध्याकाळी त्यांनी तुकडा हातात घेतला, तर तुटलेली बाजू अभ्रकासारखी चमकत होती. सुयांच्या सपाट अंगावरून तुटलं की असं चमकतं.

"कोणाला लागलं होतं, सर?"

"त्याचं नाव सांगत नाही," ते म्हणाले. "नाव घेतलं की दिसते."

भीती संसर्गजन्य असते, हे मला तिथं कळलं. दोन महिन्यांत मी घरी आईच्या कुकरची मूठ हलवून बघायला लागले. बसमध्ये चढताना दाराच्या दांड्याला हात लावताना मन कचरायचं. धाकट्या बहिणीने पाळण्यात बसायचा हट्ट धरला तर मी तिला जत्रेतून ओढत परत आणली.

सरांना निर्धास्त झालेलं मी एकदाच पाहिलं. ओतशाळेची सहल हट्ट्याच्या बावडीवर, जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर, गेली होती. बाकीचे वर स्वयंपाकाला लागले आणि सर दगडी पायऱ्या उतरून थेट खालच्या ओवरीत गेले. डोक्यावर शेकडो मणांचे दगड. मला वाटलं, हे आता पळत वर येतील. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर थंडगार फरशीवर उताणे पडून ते घोरत होते. उठल्यावर म्हणाले, "इथं ओतलेलं काहीच नाही. सगळं घडवलेलं आहे. किती वर्षांनी झोप लागली."

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

माझे वडील बैहरच्या वाटेवरच्या त्याच मँगनीजच्या खाणीत पंखाघरात होते. खाणीच्या तोंडाशी विटांची एक खोली, तिच्यात एका जाड लोखंडी नळकांड्यात माणसापेक्षा उंच पंखा दिवसरात्र फिरायचा आणि खालची वापरलेली हवा, धूळ, सुरुंगाचा धूर वर ओढून काढायचा. बाबांचं काम पंख्यावर नजर ठेवायचं, तेल-पाणी बघायचं, आणि वेळ पडली तर खटका पाडून तो बंद करायचा. वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. झोपेत पंख्याचा आवाज बदलला तरी मला जाग येईल, असं ते म्हणायचे.

थंडीचे दिवस होते. राजेगावला सरांची बहीण वारली. निघताना मोपेडवर बसता-बसता ते तीनदा थांबून मला म्हणाले, "मी येईस्तोवर काही ओतू नका. ओतलंच, तर तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नको. लोखंड पाहा. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, लोखंड पाहा."

दुसऱ्याच दिवशी खाणीचा निरोप आला. पंख्याची पाती झिजून गेली होती, हवा कमी पडत होती, सहा नवी पाती ताबडतोब पाहिजे. त्याच दिवशी भट्टीतली ग्राफाइटची मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, तडकली. नवी नागपूरहून यायला आठवडा लागला असता. शेठजींनी मागच्या अंगणातली एक जुनी बिडाची कढई काढायला लावली. बीड म्हणजे लोखंडच. आत चुन्याचा लेप द्यावा लागतो, तो घाईत अर्धवट बसला आणि गळून पडला. सुखलालनं पिस्टनचं भंगार चुंबक न फिरवता त्यात ओतलं. तापलेलं ॲल्युमिनियम त्या कढईला तासन्‌तास चाटत राहिलं.

पाती ओतली, घासली, चमकवली. शनिवारी माझ्याकडे नमुना आला. लोखंड बघायची आमची रीत साधी होती. नमुना विरघळवून त्यात एक औषध घालायचं. लोखंड असेल तितका रंग लाल होतो. रंग जोखायला सरांनी सहा बंद नळ्या करून ठेवल्या होत्या, फिक्या गुलाबीपासून गडद लालपर्यंत. माझ्या नळीतला रंग सगळ्यात गडद नळीच्याही पुढे गेला. रक्तासारखा.

शेठजी दारात उभे होते. "बेटी, पानी खराब होगा. फिर से करो."

मी पुन्हा केलं. पुन्हा तसाच.

"देखो," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "जीप बाहर खड़ी है. नीचे आदमी कम हवा में काम कर रहे हैं. तू यहाँ सुई-सुई करती बैठेगी, तो उनका क्या? आज तक सुई से कोई मरा है? लिख दे. पंडितजी आएँगे तो मैं बात कर लूँगा."

सरांना ते पंडितजी म्हणत.

मी लिहिलं. चौथ्या नळीचा आकडा लिहिला, जो चालण्यासारखा होता. वहीत लिहिला, दाखल्यावर लिहिला, खाली सही केली. हात थरथरला नाही. आजही मला खुपतं ते हेच. जीप गेली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. पाती पोत्यावर निजवली होती, उन्हात चांदीसारखी.

रविवारी पाती बसली. संध्याकाळी बाबा खुशीत घरी आले. जेवताना म्हणाले, "नवीन पाती लागली वं. काय हवा ओढून राह्यला पंखा आता! खालचे पोट्टे खुश." घास माझ्या तोंडात फिरत राहिला.

"काहून जेवत नाहीस?"

"पोट दुखते, बाबा."

"मंग ओवा खा," ते म्हणाले आणि पुन्हा पंख्याबद्दल बोलायला लागले.

मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचे आणि बंद करायचे. नोकरी जाईल, बाबांची मान खाली जाईल, सर येतील आणि वही उघडतील; प्रत्येक भीती दुसरीला मागे ढकलायची आणि मी गप्प राहायचे. आमच्या घरातून खाणीचा भोंगा ऐकू यायचा. पाळी बदलायचा भोंगा वाजला की मी हातातलं टाकून घड्याळाकडे धावायचे, आणि तो ठरल्या वेळेचाच आहे हे बघून मग श्वास घ्यायचे. तीन दिवस असे गेले.

बुधवारी सर परत आले. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. ते शेडमध्ये शिरले आणि भट्टीपाशी थबकले. कढई तिथंच होती, आत ॲल्युमिनियमची साय धरलेली. ते वाकले, नखाने ती खरवडली, खाली बिडाला पडलेले खड्डे बघितले. सुखलाल मान खाली घालून वाळू चाळत राहिला.

"यात काय केलं?" त्यांनी विचारलं.

ते लॅबमध्ये आले. वही उघडली. माझा आकडा वाचला. त्या ओताची परीक्षेची सळई मी कपाटात ठेवली होती, दोन वीत लांबीची. ती त्यांनी मागितली. पकडीत धरून हातोडीचा एक ठोका दिला. चांगली सळई आधी वाकते. ही वाकली नाही. टक् झालं आणि अर्धा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला. मी उचलला. तुटलेली बाजू चमकत होती.

"सर, मी खोटं लिहिलं," मी म्हणाले. "रंग सहाव्या नळीच्याही पुढे गेला होता. दोन्ही वेळा."

ते रागावतील म्हणून मी डोळे मिटले होते. काहीच ऐकू आलं नाही म्हणून उघडले. त्यांनी टेबलाचा काठ दोन्ही हातांनी धरला होता.

"काय ओतलं होतं?"

"पाती. खाणीच्या पंख्याची. रविवारपासून चालू आहे." आणि मग, "माझे बाबा तिथंच आहेत, सर. आज त्यांची सकाळची पाळी आहे."

त्यांनी सळईचा उरलेला तुकडा खिशात टाकला, हातोडी घेतली. "बस मागे," म्हणाले.

ते मोपेड नेहमी सायकलपेक्षा हळू चालवत. त्या दिवशी मी त्यांच्या शर्टाची पाठ मुठीत धरून बसले होते आणि तो शर्ट घामाने चिंब झाला होता. रस्ताभर ते एकच विचारत होते, "सुरुंग किती वाजता उडवतात? तुला माहीत आहे?" मला माहीत होतं. बाबांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. दुपारी दोनला. सुरुंग उडाल्यावर खाली विषारी धूर साचतो आणि तो पंखाच बाहेर ओढतो. त्यानंतर पंखा फुटला, तर धूर तिथंच आणि माणसंही तिथंच.

आम्ही फाटकात पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. पाळीवरचा इंजिनियर तरुण होता, उत्तरेकडचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून एक कागद काढून सरांसमोर ठेवला.

"आप ही की लॅब का सर्टिफिकेट है. सब ठीक लिखा है. अब आप कह रहे हैं ग़लत है. पंखा बंद करना है तो पूरी शिफ़्ट ऊपर बुलानी पड़ेगी. मैं ऊपर क्या जवाब दूँ?"

सर माझ्याकडे वळले नाहीत. मला बोल असं ते म्हणाले नाहीत. नुसते कागदाकडे बघत राहिले. खोलीत तीन-चार कारकून होते, दारात दोन मजूर, आणि त्यांच्यामागे, हात पुसत, पंखाघरातून पाण्याला आलेले माझे बाबा. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही सही माझी आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आकडा खोटा आहे. मीच लिहिला. पाती कच्ची आहेत, हे मला शनिवारपासून माहीत आहे."

मी हिंदीत बोलले की मराठीत, आठवत नाही. बाबांचा हात पुसता-पुसता थांबला, तेवढं आठवतं.

सरांनी खिशातला तुकडा काढला, उंबऱ्याच्या दगडावर अर्धा पुढे येईल असा पायाने दाबून धरला आणि हातोडी मारली. तो बिस्किटासारखा तुटला. त्यांनी चमकणारी बाजू इंजिनियरच्या नाकाशी धरली. "पाती याच रसाची आहेत. बुंध्याशी ती जाड आहेत, तिथं तर याहून वाईट असेल."

इंजिनियर उठला. तो फोनकडे गेला. आज सुरुंग नाही, सगळ्यांना वर घ्या, असं खाली सांगताना त्याचा आवाज दोनदा चिरकला.

माणसं पाळण्यातून, म्हणजे तारेवर वरखाली जाणाऱ्या पिंजऱ्यातून, वर यायला तास-सव्वा तास लागणार होता. खाली हवा लागणार, म्हणून तोवर पंखा बंद करता येत नव्हता. चालू ठेवायचा, आणि शेवटचा माणूस वर आला की खटका पाडायचा. म्हणजे तोवर खटक्यापाशी कोणीतरी उभं राहायला हवं. बाबा काही न बोलता पंखाघराकडे चालायला लागले. सर त्यांच्यामागे.

"तुमी काहून येता जी?" बाबांनी वळून विचारलं. "तिथं उभं राहणं बरं नाही."

"मला आवाज कळतो," सर म्हणाले.

"मलेबी कळते."

"मग दोघांना कळेल."

मला बाहेर सागाच्या झाडाखाली थांबवलं. पंखाघराचं दार उघडं होतं. आत बाबा खटक्याच्या मुठीवर हात ठेवून उभे होते आणि सर पंख्याच्या नळकांड्यावर तळहात टेकून, डोळे मिटून. छताच्या पंख्याखालीसुद्धा न बसणारा तो माणूस, आणि त्याच्या नि पात्यांच्या मधे बोटभर जाडीचा पत्रा. पंख्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या दिवशी त्यात मधूनच काहीतरी टिकटिकल्यासारखं वाटायचं. खरंच होतं की माझ्या कानात, कोण जाणे. पाळणा वर यायचा, दहा-बारा माणसं बाहेर पडायची, उन्हाला डोळे चोळत विचारायची, "का झालं? का झालं?" कोणी विडी पेटवली, कोणी हसलं. पाळणा पुन्हा खाली जायचा. मी मोजायचा प्रयत्न करत होते आणि सारखी चुकत होते.

एकदा सरांनी डोळे उघडले आणि बाबांना काहीतरी सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि मूठ आणखी घट्ट धरली.

शेवटचा पाळणा वर आला. मुकादमानं हात हलवला. बाबांनी खटका पाडला.

पंखा लगेच थांबत नाही. आवाज खाली-खाली येत गेला, घरघर, मग धापा टाकल्यासारखा, आणि अगदी शेवटी आतून एकदा 'ठण्' असं झालं. मी खाली बसले.

झाकण उघडायला अर्धा तास गेला. सहापैकी दोन पात्यांना बुंध्याशी चीर गेली होती; एकाची अर्ध्याहून पुढे. सरांनी ते पातं काढून दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवलं आणि लाकडी हातोड्याने, जोर न लावता, मारलं. दोन तुकडे झाले. वर आलेली माणसं भोवती उभी होती. त्या चमकणाऱ्या बाजूकडे सगळे बघत होते आणि कोणी विडी ओढत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही माझ्यापुढे ठेवली. "खोटा आकडा खोडायचा नाही. त्याच्यावर एकच रेघ मार, वाचता येईल अशी. खाली खरा लिही. सही कर." मी केली. माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची सही केली.

"तुमची कशाला, सर?"

"तुला लोखंड पाहायला शिकवलं. नाही म्हणायला शिकवलं नाही. ती चूक माझी."

शेठजींनी महिन्याभरात त्यांना काढलं. खाणीच्या लोकांसमोर आपली शोभा केली, हा राग होता. मलाही काढतील असं वाटत होतं. पण सर गेल्यावर तपासणी येणारं दुसरं कोणीच उरलं नाही, म्हणून मी राहिले. सर गोंदियाला पुतण्याकडे राहायला जाणार होते. त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत. कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवतात, असं एकदा ऐकलं. मग तेही ऐकू येणं थांबलं.

ते निघाले त्या दुपारी मी स्टेशनवर गेले होते. अरुंद रुळांवरची छोटी गाडी फलाटाला लागलेली होती. एक ट्रंक, एक वळकटी, बस. तेवढ्यात पाळी संपवून, खाणीच्याच कपड्यांत, बाबा सायकल हातात धरून आले. त्या बुधवारनंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते. वाढ, पाणी दे, दार लाव. एवढंच. मी बाजूला सरले.

बाबांनी हात जोडले. "जय भीम, सायेब. एक विचारायचं होतं. तुमचं काम तं झालं होतं त्या दिवशी. सांगून झालं, दाखवून झालं. मंग आत येऊन काहून उभे राहिले जी? मले तं दिसत होतं, तुमचे पाय लटलट कापून राह्यले होते."

सर खिडकीत बसले होते.

"बाहेर राहिलो असतो तर जास्त कापले असते," ते म्हणाले.

गाडी हलली. त्यांनी हात वर केला नाही. खिडकीचा गज धरून ते बसून राहिले आणि वळणाआड गेले.

आम्ही दोघं परत निघालो. बाबा सायकलवर बसले नाहीत, हातात धरून माझ्या बाजूने चालत राहिले. मग पुढे बघतच ते म्हणाले, "तीन दिवस तुले माहीत होतं."

"हौ बाबा."

"मी रोज तिथं जात होतो."

मी सायकलच्या फिरत्या चाकाकडे बघत चालत राहिले.

"मले सांगाचं होतं ना वं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "मी का खाल्लं असतं तुले?"

मी रस्त्यातच रडायला लागले. बाबांनी सायकल झाडाला टेकवली आणि माझं रडणं होईस्तोवर ते तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाठ करून, माझ्यापुढे उभे राहिले.